आधी अक्षर वाचा, मग फुलदाणी घ्या

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात दोन फुलदाण्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. एक पितळेची, हातभर उंच, अंगभर चंदेरी रंगाची अरबी अक्षरे आणि वेलबुट्टी. दुसरी काळी, वीतभर, एका बाजूला करडी पडलेली. घरी येणारे पाहुणे पहिलीपाशी थांबतात. "माशाअल्लाह, ही कुठून आणलीत?" असे विचारतात. दुसरीकडे सहसा कोणी पाहत नाही.

पहिली आम्ही सात हजार रुपयांना विकत घेतली. सातशे वर्षांपूर्वीची, मिस्रच्या ममलूक सुलतानांच्या काळातली, असे दुकानदाराने सांगितले आणि आम्ही मान डोलावली. सातशे वर्षांची वस्तू सात हजारांत का मिळते आहे, हा प्रश्न आम्हा नवरा-बायकोपैकी एकालाही पडला नाही. उलट, बिचाऱ्याला किंमत कळलेली दिसत नाही असे मनातल्या मनात म्हणत आम्ही घाईघाईने पैसे मोजले. जुन्या वस्तूंच्या बाजारात फसणाऱ्यांची ही नेहमीची तऱ्हा आहे. आपल्यालाच घबाड मिळाले असे वाटत असते.

घरी येऊन फुलदाणी सतरंजीवर ठेवली. धाकटी मुलगी तेव्हा मकतबमध्ये नाजिरा वाचत होती. अक्षर दिसले की बोट ठेवून वाचायचे, ही तिची त्या दिवसांतली सवय. तिने फुलदाणीच्या पोटावर बोट ठेवले. "अलिफ... लाम... लाम..." आणि ती अडखळली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग फुलदाणीभोवती गुडघ्यांवर एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "अम्मी, यात काहीच लिहिलेलं नाही. तेच तेच परत येतंय."

आम्ही भिंग काढले. चार उभ्या रेघा, एक गोल, एक शेपटी, असा एकच ठसा सोळा वेळा उमटवलेला होता. चंदेरी भाग नखाने खरवडला तर रंग निघाला. आम्ही दोघेही लहानपणापासून कुरआन वाचणारे. दुकानात पाऊण तास ती वस्तू हातात फिरवली होती. पण आम्ही नक्षी पाहिली, वाचायचा प्रयत्नच केला नाही. या छंदाचा पहिला धडा आम्हाला आठ वर्षांच्या मुलीने दिला.

जुन्या इस्लामी भांड्यांवरचे लेखन बहुतेक वेळा खरोखर वाचण्यासाठी असते, हे आम्हाला नंतर पुस्तकांतून कळले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पितळेची एक झारी आहे. ती इराकमधल्या मोसुलची, हे कशावरून? कारागिराने तिच्यावरच लिहून ठेवले आहे. नाव शुजा इब्न मनआ, महिना रजब, हिजरी सन ६२९, शहर मोसुल. म्हणजे इसवी सन १२३२. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चांदी जडवलेली एक मोठी पितळी फुलदाणी आहे. तिच्यावर हलब आणि दमिश्कचा अय्यूबी सुलतान अल-मलिक अन-नासिर यूसुफ याचे नाव आहे. बैतुल मुकद्दस जिंकणाऱ्या सुलतान सलाहुद्दीनचा हा पणतू. गंमत म्हणजे ही फुलदाणी पुढे रोममध्ये पोप आठवे अर्बन यांच्याकडे गेली आणि त्यांच्या घराण्याच्या नावावरून आज जग तिला 'बार्बेरिनी फुलदाणी' म्हणते. मालक बदलत गेले, नाव बदलले, पण सुलतानाचे कोरलेले नाव जागच्या जागी आहे.

सगळ्याच वस्तू सुलतानांच्या नसत. पुष्कळ भांड्यांवर फक्त दुआ असते: कायमची इज्जत, भरभराट, सलामती, लांब आयुष्य. आणि शेवटी 'याच्या मालकाला'. मालकाचे नाव नाही. कारण ते भांडे बाजारासाठी घडलेले असे. जो विकत घेईल, दुआ त्याची. आम्हाला हा प्रकार फार आवडला. शाही नावांपेक्षाही.

मात्र वाचता आले नाही म्हणजे वस्तू खोटी, असा सरळ हिशोब मांडू नका. जुना कूफी खत कोनाकोनांचा असतो, त्यात पानेफुले गुंतलेली असतात. सुलुस खतात उभी अक्षरे एकमेकांवर चढलेली असतात. काही कारागिरांनी तर अक्षरांच्या टोकांना माणसांची डोकी काढली आहेत. अस्सल जुन्या वस्तूंवरही अधूनमधून नुसती अक्षरासारखी नक्षी सापडते. पण कोरलेल्या लेखात दोन अलिफ कधी तंतोतंत सारखे नसतात. हाताची छिन्नी प्रत्येक वेळी थोडी वेगळी पडते. शंभर टक्के सारखे दिसले की सावध व्हावे.

आमची फुलदाणी बहुधा मुरादाबादच्या बाजूची असावी. मुरादाबादच्या कारागिरांना यात दोष नाही. ते सजावटीच्या पितळी वस्तू घडवतात आणि नव्या म्हणूनच विकतात. 'सातशे वर्षे' त्यात नंतर कोणीतरी घातली. काहिरा आणि दमिश्कमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ममलूक धाटणीची भांडी पुन्हा मोठ्या प्रमाणावर घडू लागली, मुख्यतः युरोपातून येणाऱ्या प्रवाशांसाठी. त्यांतली काही खऱ्या चांदीची आणि अप्रतिम कामाची आहेत. आज त्यांचेही वय शंभरच्या पुढे गेले आहे. ती ममलूक नाहीत, पण टाकाऊही नाहीत. योग्य नावाने आणि योग्य भावाने मिळाली तर जरूर घ्यावीत.

पितळेवर चांदी जडवायची ही कला एवढी का फुलली? सोन्या-चांदीच्या भांड्यांतून खाण्यापिण्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अशा हदीस आहेत. काही अभ्यासकांच्या मते धातूवरच्या जडावाला आणि मातीच्या भांड्यांवरच्या सोनेरी झाकेला जो बहर आला, त्यामागे हेही एक कारण असावे. बादशहांच्या महालांत सोन्याची भांडी नव्हतीच असे नाही. पण तंगीच्या काळात ती वितळवून नाणी पाडली जात. पितळ आणि माती मागे राहिली.

मातीच्या भांड्यांकडे आम्ही उशिरा वळलो, कारण त्यांची आम्हाला भीती वाटे. धातू पडला तर पोचा येतो. माती पडली तर संपले. पण या विषयात खरा रस आहे तो तिथेच.

चीनहून येणारी पांढरी शुभ्र भांडी पाहून इराकमधल्या कुंभारांना तशीच करायची होती. चिनी कुंभारांकडे होती तशी माती त्यांच्याकडे नव्हती. मग नवव्या शतकात बसऱ्याच्या कुंभारांनी साध्या पिवळसर मातीवर कथील मिसळलेली पांढरी झिलई चढवली आणि त्यावर निळ्या रंगाने लिहिले. पांढऱ्यावर निळे, ही जोडी तिथे रूढ झाली. त्याच इराकमध्ये आणखी एक युक्ती निघाली. भाजलेल्या, झिलई दिलेल्या भांड्यावर चांदी-तांब्याच्या क्षारांनी चित्र काढायचे आणि धूर कोंडलेल्या भट्टीत पुन्हा मंद भाजायचे. वरचा काळपट थर पुसला की खाली सोन्यासारखी झाक. तीत सोने गुंजभरही नसते.

पुढे इराणमधल्या काशानने यावर कळस चढवला. तिथल्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम याने १३०१ साली आपल्या कारागिरीची कृती लिहून ठेवली. दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी चिकणमाती. स्वयंपाकाच्या पाककृतीसारखे प्रमाण! संग्राहकाला याचा उपयोग असा की बरणीच्या बुडाशी, जिथे झिलई पोहोचलेली नसते, तिथे पाहायचे. या मिश्रणाचे अंग पांढरे आणि खडीसाखरेसारखे रवाळ दिसते. लाल विटकरी माती दिसली आणि विकणारा 'काशान, तेरावे शतक' म्हणत असेल, तर सलाम करून बाहेर पडावे.

बरण्यांत आमची सर्वांत आवडती म्हणजे अत्तारांच्या दुकानातली. उंच, नळकांड्यासारखी, आणि मध्ये कमरेत बारीक. फळीवर खेटून ठेवलेल्या रांगेतून एकच बरणी काढायची तर बोटे घालायला जागा हवी, म्हणून ती कंबर. तोंडावर कागद किंवा कातडे बांधायला वर खाच. सीरियातून अशा बरण्या औषधे आणि मसाले भरून इटली-स्पेनला गेल्या, आणि तिकडच्या कुंभारांनी तोच आकार उचलला. युरोपातल्या जुन्या औषधी दुकानांची ओळख बनलेली बरणी मूळची आपल्या हकीम-अत्तारांच्या फळीवरची आहे.

विकत घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. इतक्या जुन्या बरण्यांत न फुटलेली जवळजवळ नसते. जोडलेली असणे हा दोष नाही, जोड लपवणे हा दोष आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तीन-चार वेगवेगळ्या भांड्यांचे तुकडे घासून, बसवून, वरून रंगवून 'अखंड' भांडी तयार करण्याचा उद्योग चालत आला आहे. किराणा दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, त्याच्या उजेडात अंधाऱ्या खोलीत बरणी धरली, तर नवा रंग आणि डिंक अनेकदा वेगळे चमकतात. आम्ही तो दिवा पिशवीतच ठेवतो. आणि बहिणींसाठी एक कळकळीची सूचना. जुन्या झिलईत पुष्कळदा शिसे असते. बरणी कितीही सुंदर असो, तिच्यात लोणचे, सिरका किंवा चिंच भरू नका.

अशा बरण्या आपल्या किनाऱ्यावरही उतरत होत्या. रायगड जिल्ह्यातले चौल हे अरबांचे 'सैमूर'. इतिहासकार अल-मसऊदी इथे हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ साली आला. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान या भागात राहतात, असे त्याने नोंदवले आहे. चौलच्या उत्खननात निळ्या-हिरव्या झिलईच्या जाड खापऱ्या मिळाल्या आहेत. इराक आणि दक्षिण इराणच्या बाजूला बनणाऱ्या मोठ्या रांजणांच्या त्या खापऱ्या. असेच रांजण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चीनपर्यंत सापडतात. संग्राहकांच्या बाजारात अशा एका खापरीला फारसा भाव नाही. पण ती ज्या थरात सापडते त्या थराचे वय सांगते, आणि आपले पूर्वज या बंदरांशी कधीपासून जोडलेले आहेत याची ती साक्षीदार असते. म्हणून किनाऱ्यावर किंवा शेतात अशी खापरी दिसली तर खिशात घालून घरी आणू नका. जागेवरून उचलली की ती साक्ष पुसली जाते.

हेच मोठ्या प्रमाणावर रक्काचे झाले. सीरियातले रक्का बाराव्या-तेराव्या शतकात निळ्या-काळ्या बरण्यांसाठी प्रसिद्ध होते. १९००च्या आसपास पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या श्रीमंतांना या भांड्यांचे वेड लागले आणि मागणी पुरवण्यासाठी लोकांनी ते उद्ध्वस्त शहर खोदून काढले. कुठले भांडे कुठल्या घरातून, कुठल्या भट्टीतून निघाले, याची बहुतेक नोंदच राहिली नाही. अलीकडच्या युद्धांत पुन्हा तेच घडले. २००३च्या एप्रिलमध्ये बगदादचे संग्रहालय लुटले गेले. २०१५च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २१९९ क्रमांकाचा ठराव केला. इराकमधून ऑगस्ट १९९० नंतर आणि सीरियातून मार्च २०११ नंतर बेकायदा बाहेर गेलेल्या प्राचीन वस्तूंच्या व्यापारावर त्याने बंदी घातली. एखादा विक्रेता हळू आवाजात 'सीरियाचा माल आहे, नुकताच आलाय' म्हणाला, तर वस्तू खोटी असेल तर आपण फसलो, आणि खरी असेल तर कोणाच्या तरी उजाड झालेल्या गावाची चोरी आपण घरात आणली. अशी बरणी फुकट मिळाली तरी आमच्या कपाटात तिला जागा नाही.

आता त्या काळ्या फुलदाणीकडे येतो.

ती मुलांच्या नानीची. नानी उदगीरच्या. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि बिदर तिथून जवळ. चांगल्या घरच्या निकाहात बिदरी काम द्यायची त्या भागात रीत होती. (जहेजची वकिली आम्ही करत नाही. रीत होती एवढेच सांगतो.) नानींना पानदान, हुक्क्याचा बुड आणि गुलदान मिळाले. पुढे वाडा विकला तेव्हा घरच्यांनी सगळे भंगारात काढले. भंगारवाल्याने चुंबक लावून पाहिले, लोखंड नाही. घासून पाहिले, पितळ नाही. शेवटी जस्ताचा भाव लावला. गुलदान वाचले, कारण नानी त्यात किल्ल्या ठेवत आणि त्या शोधायला त्यांनी ते पोत्यातून परत काढले.

भंगारवाला चुकला नव्हता. बिदरीचा धातू खरोखर जस्ताचाच असतो, त्यात थोडे तांबे. वाळू-मातीच्या साच्यात ओततात, घासून गुळगुळीत करतात, मोरचूद चोळून तात्पुरता काळा करतात म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते. मग छिन्नीने नक्षी खोदायची आणि त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या कामाला तहनिशान. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली, ऊन-पाऊस न लागलेली जुनी माती नवसागरासह पाण्यात कालवून त्यात वस्तू तापवतात. माती चांगली की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. जस्त कुळकुळीत काळे होते, चांदीला काहीच होत नाही. मोसुलच्या झारीतली चांदी आणि नानींच्या गुलदानातली चांदी खाचेत ठोकून बसवण्याची रीत मुळात एकच आहे. आणि ती रीत आजही जिवंत आहे. बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना या कामासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. जुन्या बिदरी सुरया, हुक्के, आफताबे डोळे भरून पाहायचे असतील तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जा. नजर तयार करायला विकत काही घ्यावे लागत नाही. संग्रहालयात दोन दिवस काढले असते, तर आमचे सात हजार वाचले असते.

गुलदान करडे का पडले? ते पाप आमचेच. ईदच्या आधी घर आवरताना चिंच आणि मीठ लावून घासले, पितळेची भांडी घासतो तसे. काळा रंग पाण्याबरोबर निघू लागला तेव्हा हात थांबला. बिदरीला आंबट लावू नये, पितळेची पावडर लावू नये, तारेच्या काथ्याने तर मुळीच घासू नये. मऊ फडके आणि बोटभर खोबरेल पुरे. पुढे बिदरला गेलो तेव्हा एका कारागिराला दाखवले. पुन्हा काळे करता येईल, म्हणाले, पण सगळेच नव्याने करावे लागेल. मग हळूच विचारले, "नानींच्या हातची झीज आहे ना यावर? राहू द्या की." आम्ही राहू दिले.

दोन वर्षांपूर्वी दुबईतल्या भाच्याने ते मागितले. त्याचे नानींवर आमच्याइतकेच प्रेम, देण्यात काही वाईट नव्हते. पण १९७२च्या पुरावशेष आणि कलावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घरात बाळगायला हरकत नाही, काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते, आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. वय शंभरच्या आत आहे अशी शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तपासून तसा दाखला घेता येतो. आखातात जाणाऱ्या आपल्या लोकांच्या बॅगांत अशा वारशाच्या वस्तू सहज भरल्या जातात. विमानतळावर पंचाईत होण्याआधी विचारलेले बरे. भाच्याला आम्ही फोटो पाठवले आणि बिदरहून नव्या घडणीची एक सुंदर फुलदाणी घेऊन दिली, पक्क्या पावतीसह.

तेव्हापासून आम्ही एक काम सुरू केले आहे. त्याची कल्पना इराणच्या शाह अब्बासवरून सुचली. त्याने १६११ साली आपल्या संग्रहातली १,१६२ चिनी भांडी अर्दबीलच्या दर्ग्याला वक्फ केली. त्या भांड्यांवर त्याने वक्फ केल्याचे कोरून ठेवले. त्यामुळे चारशे वर्षांनंतरही त्यांतले एखादे कुठेही दिसले तरी ते कोणाचे आणि कुठले, हे कळते.

आम्हाला कोरता येत नाही. आम्ही चिठ्ठ्या लिहितो. वस्तू कोणाची, कुठून आली, कधी आली, कितीला घेतली, काय मोडले, कोणी जोडले. चिठ्ठी घडी करून वस्तूच्या आत ठेवायची. मकतबमध्ये जाणारी ती मुलगी आता कॉलेजात आहे, अक्षर तिचे चांगले, म्हणून लिहायचे काम तिच्याकडे. काळ्या गुलदानातली चिठ्ठी अशी: 'नानीचे. उदगीर. निकाहात मिळाले. किल्ल्या ठेवायची. काळा रंग अम्मीने चिंचेने घालवला.'

पितळेच्या फुलदाणीतही एक चिठ्ठी आहे. 'सात हजार रुपये. नवी. यात काहीच लिहिलेलं नाही.'